कच्च्या वहीचं तत्त्वज्ञान

वास्तुकलेशी माझा संबंध दोन खोल्यांचे हप्ते फेडण्यापुरता. तरीही मायकेल ग्रेव्हज या अमेरिकन वास्तुशिल्पज्ञांच्या एका लेखावर चार शब्द लिहायचं धाडस करतो आहे. सबब एवढीच की, लेखात एक मीटिंग आहे. आणि मीटिंग या विषयात बँकेतल्या कारकुनाचा अधिकार कुणी नाकारू नये.

लेख २०१२ साली 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्ये आला. विषय, संगणकाच्या काळात हातानं रेखाटायची कला लोपते आहे, हा. ग्रेव्हज सांगतात, प्रिन्स्टन विद्यापीठात प्राध्यापकांची एक कंटाळवाणी मीटिंग चालली होती. त्यांनी वही काढून इमारतीचा नकाशा काढायला घेतला. एके ठिकाणी अडले, तशी वही शेजारच्या तितक्याच कंटाळलेल्या सहकाऱ्याकडे सरकवली. त्यानं चार रेघा ओढून परत केली. मग यांची पाळी, मग त्याची. तोंडातून शब्द न काढता दोघांच्या गप्पा रंगल्या. आमच्या मीटिंगांतही कागदावर पुष्कळ काही उमटतं; पण ते बहुधा साहेबांचं नाक असतं.

ग्रेव्हज रेखाटनाचे तीन प्रकार सांगतात. एक, सुचलेलं टिपून ठेवणारं; दुसरं, विचार करत पुनःपुन्हा काढलेलं; तिसरं पक्कं, मापांसकट. मी पडलो बी.कॉम.; मला लगेच उमगलं. चिठोरं, कच्ची वही आणि ताळेबंद! ताळेबंद खुशाल संगणकानं करावा, ग्रेव्हजसाहेबांची हरकत नाही. पहिल्या दोन वह्या मात्र हाताच्या हव्यात, कारण विचार तिथे होतो.

हे मला पटतं. पेन्सिलीची रेघ 'बघू या हं' म्हणते. संगणकाची रेघ पहिल्याच दिवशी 'मंजूर' असा शिक्का घेऊन येते. चकचकीत छापील चित्र समोर आलं की 'जिना अंमळ अरुंद नाही का?' असं विचारायची छाती होत नाही. आमच्याकडेही पेन्सिलीनं मांडलेल्या बेरजेचा ताळा चौघं करून बघतात. तीच बेरीज यंत्रातून छापून आली की देववाणी होते.

पण एक शेरा मारल्याशिवाय हा कागद मला पुढे पाठवता येत नाही. याच ग्रेव्हज यांनी अमेरिकेतल्या पोर्टलंड शहरात नगर प्रशासनाची पंधरा मजली कचेरी उभी केली, १९८२ साली. तिची रंगीत रेखाटनं वास्तुकलेच्या पुस्तकांत मानानं छापतात. आत मात्र नोकरवर्ग बसला! खिडक्या लहान, काचा काळसर; अंधाराच्या तक्रारी सुरू झाल्या, पुढे गळतीही लागली. पैशाची ओढाताण होती, हे साहेबांच्या बाजूनं नोंदवलं पाहिजे. शेवटी २०२० पर्यंत तिला बाहेरून ॲल्युमिनियमचा अंगरखा चढवावा लागला. भर दुपारी ट्यूब लावून बसणाऱ्या मला त्या कारकुनांचं दुःख कुणी समजावून सांगायला नको. हात हुकमी होता, यात शंका नाही; पण तो रस्त्यावर उभं राहून रेखाटत होता, टेबलापाशी बसून नव्हे.

पुढे २००३ साली एका आजारानं ग्रेव्हज यांचं कमरेखालचं अंग लुळं पडलं. इस्पितळाच्या खोलीत चाकांच्या खुर्चीवरून नळ हाताला येईना, दाढीसाठी आरसा दिसेना. मग या माणसानं इस्पितळाचं फर्निचर आणि रुग्णांना ने-आण करायची खुर्चीसुद्धा नव्यानं रेखाटली. २०१५ साली वारले, तोवर काम सुटलं नाही. हात तोच, फक्त बसायची जागा बदलली होती.

म्हणून साहेबांच्या तीन प्रकारांत मी नम्रपणे चौथा सुचवतो. कच्ची वही एकदा ज्याला तिथे बसायचं आहे त्याच्याकडेही सरकवावी. त्याला सरळ रेघ येणार नाही कदाचित. पण खिडकी कुठे हवी, तिथे फुली तो बिनचूक मारील.