चिऊताईच्या गोष्टीतून गाळलेलं मांजर

मराठी घरात वाढलेल्या मुलाला आयुष्यातला पहिला खलनायक भेटतो तो कावळा. चिमणीचं घर मेणाचं, कावळ्याचं शेणाचं. पाऊस येतो, शेणाचं घर वाहून जातं आणि काऊ चिऊचं दार वाजवायला लागतो. आता याच बालविश्वातलं मांजर आठवून पाहा. मनीमाऊ दूध पिते, उंदरामागे पळते, वाघाची मावशी म्हणून मिरवते. म्हणी चाळल्या तरी तेच: डोळे मिटून दूध पिणारं मांजर, शिंकं तुटल्यावर फावणारा बोका. मांजराचा गुन्हा फार तर दुधाचा. मी ज्या गोष्टी ऐकत वाढले, त्यांत मांजर आणि चिमणी समोरासमोर येतच नाहीत.

चिऊ-काऊची गोष्ट खोटी नाही. कावळा घरट्यातली अंडी-पिल्लं पळवतोच. पण कोणती गोष्ट सांगायची हे जसं समाज ठरवतो, तसंच कोणती सांगायची नाही हेही तोच ठरवतो. कावळा बाहेरचा, मांजर घरातलं. चिमणीचा शत्रू आपण सोयीस्करपणे बाहेर ठेवला.

हीच सवय मोठ्या पडद्यावरही दिसते. शंकरचा ‘२.०’ (२०१८) आठवतो? अक्षय कुमारने साकारलेला पक्षिराजन हा पक्षिशास्त्रज्ञ. मोबाइलच्या लहरींनी पक्षी मरताहेत, हे तो जीव तोडून सांगतो. कुणी ऐकत नाही, तेव्हा मोबाइल टॉवरलाच गळफास घेतो. मग लोकांच्या हातातले मोबाइल उडून जायला लागतात. त्या म्हाताऱ्याची तळमळ मनाला भिडते. घोळ आहे तो सिनेमाच्या युक्तिवादात. २०२० साली आलेला ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स’ हा अहवाल सांगतो, की देशभराचा विचार केला तर चिमण्यांची संख्या साधारण स्थिर आहे. घट दिसते ती मुंबईसह सहा महानगरांत. या घटीचं खापर टॉवरवर फोडायला ठोस पुरावा नाही. पण खलनायक म्हणून टॉवर फार सोयीचा आहे. तो कंपनीचा असतो, आपला नसतो. २० मार्चला, जागतिक चिमणी दिनाला, त्याच्या नावाने एक स्टेटस टाकलं (तेही मोबाइलवरूनच) की आपण मोकळे.

मुंबईच्या चिमण्या मांजरांमुळे कमी झाल्या, असं मी म्हणत नाहीये. तसं म्हणणं म्हणजे टॉवर हटवून त्या जागी मांजर उभं करणं. माझा आक्षेप वेगळा आहे. पक्ष्यांविषयीच्या ज्या गोष्टींत आपल्याला स्वतःला काहीच करावं लागत नाही, नेमक्या त्याच आपल्याला आवडतात.

मांजराची गोष्ट तशी नाही. अमेरिकेतल्या मांजरांचा हिशेब मांडणारा एक शोधनिबंध २०१३ साली ‘नेचर कम्युनिकेशन्स’मध्ये आला. दरवर्षी १३० ते ४०० कोटी पक्षी, असा त्याचा अंदाज होता. हा आकडा इकडे सर्रास फॉरवर्ड होतो, पण तो जसाच्या तसा आपल्याला लावता येत नाही. तिथेही मोठा वाटा मालक नसलेल्या मांजरांचा होता. शिवाय विसाव्या मजल्यावर राहणारं मांजर आणि अंगण असलेल्या बंगल्यातलं मांजर यांची तुलनाच होत नाही. त्याहून आपल्या कामाचा अभ्यास जॉर्जिया राज्यातला आहे. तिथे पाळीव मांजरांच्या गळ्यात छोटे कॅमेरे बांधले. तेव्हा कळलं, की केलेल्या शिकारीपैकी जेमतेम २३ टक्के मांजरांनी घरी आणली. बाकीची तिथेच खाल्ली किंवा नुसतीच टाकून दिली. बळींमध्ये सगळ्यात जास्त सरपटणारे प्राणी होते. म्हणजे ‘आमची मनी काही मारत नाही हो’ असं सांगणारी माणसं खोटं बोलत नसतात. त्यांना दिसतच नाही.

उपनगरांत हे महत्त्वाचं का, तर आपली वस्ती जंगलाला खेटून आहे. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या एका अंगाला बोरिवली, दुसऱ्या अंगाला मुलुंड. जंगलातला दयाळ सोसायटीच्या बागेत येतो आणि जमिनीवर उतरून किडे टिपतो. शिंपी पानं शिवून घरटं करतो, तेही पुष्कळदा हाताला येईल इतक्या उंचीवर. बुलबुलाचं पिल्लू नीट उडता येण्याआधीच घरट्याबाहेर पडतं आणि काही दिवस झुडपांत धडपडत काढतं. कुंपणालगत सापसुरळ्या असतात, सरडे असतात, खारी असतात. यांतलं कुणीच टॉवरला धडकून मरत नाही. यांना धोका असतो तो जमिनीपासून दोन-चार फुटांवर. मांजराच्या तोंडून सुटलेला पक्षीही बहुधा वाचत नाही. दातांतले जंतू त्याच्या जखमेत गेलेले असतात.

आणि आपण याचे रील बनवतो. खिडकीतली मनी बाहेरच्या पक्ष्याकडे बघत दात कटकटवते, वर हसऱ्या इमोजी, खाली ती पक्ष्यांशी गप्पा मारत असल्याचं कॅप्शन. शिकार दिसली की मांजर तो आवाज काढतं. तो आपल्याला ‘गप्पा’ वाटतो, कारण लहानपणापासून मांजराची एकच बाजू आपल्याला दाखवलेली असते. चिऊताईच्या गोष्टीने जे गाळलं, ते रीलने कॅप्शन देऊन झाकलं.

उलट्या बाजूची गोष्टही फसवीच असते. न्यूझीलंडजवळच्या स्टीफन्स बेटावर १८९४च्या सुमारास दीपगृह सुरू झालं आणि तिथला एक न उडणारा इवलासा पक्षी नामशेष झाला. दीपगृहवाल्याच्या टिबल्स नावाच्या एकाच मांजराने अख्खी जात संपवली, ही दंतकथा जगभर फिरली. पुढे संशोधकांनी दाखवलं, की बेटावर रानटी झालेली बरीच मांजरं होती आणि मुख्य भूमीवरून तो पक्षी आधीच गेला होता. एकट्या टिबल्सला फासावर चढवलं, की तिला बेटावर नेणारी माणसं सुटतात.

या सगळ्यात मला सलीम अलींचं ‘द फॉल ऑफ अ स्पॅरो’ (१९८५) हे आत्मचरित्र वेगळं वाटतं. मुंबईत वाढलेला एक मुलगा एअरगनने चिमणी पाडतो. तिच्या गळ्यावर पिवळा डाग दिसतो, म्हणून ती घेऊन तो बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत जातो, आणि भारताच्या पक्षिशास्त्रातलं एक मोठं आयुष्य तिथून सुरू होतं. पुस्तकाच्या नावातच ती पडलेली चिमणी आहे. पडद्यावरच्या पक्षिराजनची आठवण सलीम अलींकडे जाते, पण सिनेमाने हीच गोष्ट सोडून दिली: पाडणारा हात सांगणाऱ्याचाच आहे.

असा हात दाखवणारी मांजराची गोष्ट मला मराठीत वाचायची आहे. मुलुंडच्या आमच्या घरी एक बोका आहे, माझा अतिशय लाडका. तो मजबूत जाळीच्या आत राहतो. जाळीमुळे तो वरून पडत नाही आणि खालच्या बुलबुलालाही सुखाने जगता येतं. एक्सेटर विद्यापीठाच्या २०२१च्या प्रयोगात रोज पाच-दहा मिनिटं मांजराशी खेळलं तर घरी येणारी शिकार २५ टक्क्यांनी घटली, भरपूर मांस असलेलं खाणं दिल्यावर ३६ टक्क्यांनी. गळ्यात बांधलेल्या घंटेचा मात्र ठळक परिणाम दिसला नाही. मांजराच्या गळ्यात घंटा कोण बांधणार, यावर पिढ्यान्‌पिढ्या खल करून झाला. आता बांधली तरी भागणार नाही, असं दिसतंय. आवारातल्या मांजरांना खाऊ घालणाऱ्यांनी नसबंदीही करून घ्यावी, आणि वाटी झुडपांपासून लांब ठेवावी. पोट भरलेलं मांजरही शिकार करतं.

चिऊताईची गोष्ट टाकून द्यायचं कारण नाही. कावळाही राहू दे. फक्त पुढच्या वेळी सांगताना त्या मेणाच्या घराशेजारी आपली बिल्डिंग उभी करा, आणि पहिल्या मजल्यावर एक उघडी खिडकी ठेवा. ती बंद कोण करणार, हे ऐकणारं पोर विचारेलच.