रिचर्ड स्टॉलमन यांचा संगणकस्वातंत्र्याचा विचार आणि सुरक्षिततेचा प्रश्न : एक चिकित्सा

प्रास्ताविक

संगणक विकत घेणारा मनुष्य त्या संगणकाचा खऱ्या अर्थाने मालक असतो काय, हा प्रश्न सातत्याने विचारणाऱ्यांमध्ये रिचर्ड स्टॉलमन यांचे नाव अग्रक्रमाने घ्यावे लागते. १९८३ मध्ये त्यांनी ग्नू प्रकल्पाची घोषणा केली आणि १९८५ मध्ये फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनची स्थापना केली. सॉफ्टवेअर हव्या त्या कामासाठी चालवणे, त्याचा अभ्यास करून त्यात बदल करणे, त्याच्या प्रती वाटणे आणि सुधारलेल्या प्रतीही वाटणे ही चार स्वातंत्र्ये त्यांच्या विचाराचा पाया होत. भारतात या चळवळीच्या संस्थेचा प्रारंभ २००१ मध्ये तिरुवनंतपुरम येथे झाला. स्टॉलमन यांच्या समग्र कार्याचा आढावा घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू नाही. हार्डवेअर, सॉफ्टवेअर व सुरक्षितता यांत निवड करण्याची वेळ येते तेव्हा त्यांची भूमिका कितपत टिकते, एवढाच मर्यादित प्रश्न येथे विचारात घ्यावयाचा आहे.

सुरक्षितता कोणाची?

स्टॉलमन यांच्या लेखी सुरक्षितता हा केवळ तांत्रिक प्रश्न कधीच नव्हता. १९७० च्या दशकात एमआयटीतील संगणकावर पासवर्डची पद्धत आली, तेव्हा त्यांनी वापरकर्त्यांचे पासवर्ड उलगडून त्यांनाच कळवले आणि त्याऐवजी रिकामा पासवर्ड ठेवावा असे सुचवले. पुढे ग्नू प्रकल्पातील 'सु' या आज्ञेच्या माहितीपुस्तिकेत, प्रशासकाचे अधिकार ठरावीक गटापुरते राखून ठेवण्याची सोय तीत का नाही, याचे स्पष्टीकरण त्यांनी दिले. मूठभरांच्या सत्तेविरुद्ध सामान्य वापरकर्त्यांची बाजू घेणे, हा त्याचा आशय होता. २००२ मध्ये कंपन्यांनी 'विश्वासार्ह संगणन' या नावाने पुढे आणलेल्या तंत्राला त्यांनी विश्वासघातकी संगणन म्हटले.

या तिन्ही प्रसंगांत एकच सूत्र आढळते. कुलूप पाहिल्याबरोबर स्टॉलमन त्याची किल्ली कोणाकडे आहे हे विचारतात. हा प्रश्न मूलगामी आहे, यात शंका नाही. तथापि कुलपाचे काम केवळ मालकाची सत्ता राखणे एवढेच नसते. बाहेरच्या चोराला अडवणे हेही असते. स्टॉलमन यांच्या विवेचनात सत्ताधीशाचा विचार जितका सूक्ष्म आहे, तितका या अनोळखी चोराचा नाही. या उणिवेचा परिणाम त्यांच्या हार्डवेअरविषयक भूमिकेत स्पष्टपणे दिसतो.

हार्डवेअर आणि सॉफ्टवेअर यांमधील सीमारेषा

यंत्रातील जो प्रोग्राम कधीच बदलला जात नाही, तो व्यवहारतः विद्युत्परिपथासारखाच होय, अशी स्टॉलमन यांची मांडणी आहे. मायक्रोवेव्ह ओव्हनमधील प्रोग्राम मुक्त नसला तरी त्यांना त्याची चिंता वाटत नाही. मात्र जो प्रोग्राम बाहेरून बसवता किंवा बदलता येतो, तो मुक्त असलाच पाहिजे. फाउंडेशनच्या 'रिस्पेक्ट्स युवर फ्रीडम' या प्रमाणपत्रामागेही हीच कसोटी आहे. विक्रीनंतर बदलणे अभिप्रेत नसलेल्या दुय्यम प्रोसेसरमधील सॉफ्टवेअरला तीत सूट मिळते.

ही सीमारेषा सुबक असली तरी आधुनिक प्रोसेसरने ती पुसून टाकली आहे. १९९४ मध्ये इंटेलच्या पेंटियम प्रोसेसरमधील भागाकाराचा दोष उघड झाला, तेव्हा दोष परिपथात असल्यामुळे चिप बदलून देण्यावाचून गत्यंतर उरले नाही व कंपनीने त्यासाठी ४७.५ कोटी डॉलरचा खर्च दाखवला. १९९५ च्या पेंटियम प्रोपासून प्रोसेसरच्या आतील मायक्रोकोड मागाहून दुरुस्त करण्याची सोय इंटेलने केली. हा मायक्रोकोड कंपनीच्या मालकीचा असून त्याची मूळ संहिता उपलब्ध नाही. आता कसोटी लावून पाहावी. कारखान्यातून आलेला सदोष मायक्रोकोड परिपथासारखा म्हणून चालतो. त्याच कंपनीची त्याच मायक्रोकोडवरील दुरुस्ती मात्र सॉफ्टवेअर म्हणून त्याज्य ठरते. वापरकर्त्याचे परावलंबित्व दोन्ही स्थितींत सारखेच राहते. फरक पडतो तो एवढाच, की पहिल्या स्थितीत दोषही तसाच राहतो. स्वातंत्र्यात भर न पडता सुरक्षितता मात्र कमी होते, हा या भूमिकेतील मुख्य अंतर्विरोध होय.

संशयाची यथार्थता

असे असले तरी स्टॉलमन यांचा संशय अनाठायी होता असे म्हणता येणार नाही. इंटेलच्या संगणकांत मॅनेजमेंट इंजिन नावाचा स्वतंत्र सूक्ष्म संगणक असतो. मुख्य ऑपरेटिंग सिस्टिमच्या नकळत तो काम करतो आणि त्याचे सॉफ्टवेअर वापरकर्त्याला तपासता येत नाही. त्याच्या आधारे चालणाऱ्या दूरस्थ व्यवस्थापनाच्या सोयीत मोठा दोष असल्याचे मे २०१७ मध्ये जाहीर झाले. जेथे ती सोय चालू होती तेथे पासवर्डच्या जागी रिकामे उत्तर पाठवूनही प्रवेश मिळू शकत होता. प्रशासकाच्या सोयीसाठी बसवलेली किल्ली अशा रीतीने चोराच्या हाती जाऊ शकली.

याउलट, मूळ संहिता खुली असली म्हणजे दोष लवकर सापडतात असेही नाही. ग्नू प्रकल्पाच्याच बॅश या प्रोग्राममधील 'शेलशॉक' हा दोष २०१४ मध्ये उघडकीस आला. तोवर तो सुमारे २५ वर्षे सर्वांच्या डोळ्यांसमोर पडून होता. तपासण्याचा अधिकार आणि प्रत्यक्ष तपासणी या भिन्न गोष्टी आहेत. मात्र अधिकारच नसेल तर कंपनीबाहेरच्या तपासणीची वाट फारच अरुंद होते, हेही तितकेच खरे.

तडजोडीची किंमत

जानेवारी २०१८ मध्ये मेल्टडाउन व स्पेक्टर हे प्रोसेसरच्या रचनेतील दोष जगापुढे आले. स्पेक्टरच्या एका प्रकारावरील उपायांत मायक्रोकोडची दुरुस्ती हा महत्त्वाचा भाग होता. इंटेलच्या पहिल्या दुरुस्तीमुळे काही संगणक अचानक पुन्हा सुरू होऊ लागले आणि ती थांबवण्याची सूचना कंपनीलाच त्याच महिन्यात द्यावी लागली. एप्रिल २०१८ मध्ये काही जुन्या प्रोसेसरांसाठी दुरुस्ती काढणार नसल्याचे कंपनीने जाहीर केले. त्यांत पेनरिन या कोअर टू डुओ पिढीतील प्रोसेसरांचा समावेश होता.

हा तपशील विशेष बोलका आहे. मुक्त सॉफ्टवेअरच्या पुरस्कर्त्यांनी लिब्रेबूट बसवून जपलेला थिंकपॅड एक्स २०० याच पिढीचा. त्यातून मॅनेजमेंट इंजिन पूर्णपणे काढून टाकता येते, हे त्याचे आकर्षण. स्टॉलमन स्वतः आधी लेमोट कंपनीचा मंदगती यीलूंग वापरीत व पुढे लिब्रेबूट असलेल्या जुन्या थिंकपॅडकडे वळले. ते स्वतः बहुतेक संकेतस्थळे थेट उघडत नाहीत. पान ई-मेलने मागवून वाचतात. संकेतस्थळांवरील जावास्क्रिप्टविषयी त्यांनी २००९ मध्येच इशारा दिला होता. म्हणजे यंत्रातील उणीव ते स्वतःच्या कठोर शिस्तीने भरून काढतात. पण ही शिस्त यंत्रासोबत दुसऱ्याला देता येत नाही.

आपल्या संदर्भात या मुद्द्याला महत्त्व आहे. त्याच पिढीचे संगणक प्रस्तुत लेखकाने ग्रामीण महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत विद्यार्थ्यांना वापरताना पाहिले आहेत. तेथे त्यांची निवड कोणत्याही तत्त्वापोटी झालेली नाही. नवे घेण्यास निधी नाही, एवढेच कारण. विद्यार्थिनी शिष्यवृत्तीचा अर्ज त्याच यंत्रावर भरते, आधार व बँक खात्याचा क्रमांक तेथेच टाकते. पान ई-मेलने मागवण्याची मुभा तिला नाही. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित आधार संपला आणि विंडोज ११ अशा जुन्या प्रोसेसरांना अधिकृतपणे स्वीकारत नाही. स्टॉलमन स्वेच्छेने जेथे पोहोचले, तेथे ती परिस्थितीने पोहोचली आहे. आणि अशा यंत्राला अद्ययावत सॉफ्टवेअर देऊ शकणारा सर्वांत सुलभ मार्ग म्हणजे ग्नू-लिनक्सच होय. स्टॉलमन यांच्या कार्याचे मोल येथे निःसंशय दिसते. आणि त्यांच्या कसोटीची मर्यादाही येथेच दिसते. कारण मालकीचे फर्मवेअर वगळण्याच्या आग्रहात मायक्रोकोडच्या उपलब्ध जुन्या दुरुस्त्याही वगळल्या गेल्या, तर तिच्या पदरी काहीच अधिक पडत नाही.

समारोप

खुद्द लिब्रेबूट प्रकल्पाने नोव्हेंबर २०२२ मध्ये आपले धोरण बदलून मायक्रोकोडच्या दुरुस्त्या स्वीकारल्या आणि मालकीचे भाग शक्य तेवढे कमी करावेत अशी भूमिका घेतली. हा चळवळीच्या आतून आलेला विवेक आहे. कोणता भाग बदलता येतो, या कसोटीपेक्षा तो बदलण्याचा निर्णय कोणाच्या हाती आहे आणि न बदलल्यास हानी कोणाची होते, ही कसोटी अधिक न्याय्य वाटते. ती लावली असता मॅनेजमेंट इंजिनला स्टॉलमन यांनी केलेला विरोध योग्य ठरतो. मायक्रोकोडच्या दुरुस्तीला केलेला विरोध योग्य ठरत नाही. किल्ली कोणाकडे आहे, हा त्यांचा प्रश्न आपण सोडता कामा नये. परंतु त्याचे उत्तर मिळेपर्यंत विद्यार्थिनीच्या दाराला कुलूप असणे आवश्यक आहे.