‘मॉडलिन’ : एका विशेषणाची कुळकथा

इंग्रजी प्रवचनसंग्रह चाळताना ‘मॉडलिन’ हे विशेषण क्वचित आढळते. उगाच गहिवरणारा, रडवा असा त्याचा अर्थ. शब्द विरळ असला तरी त्याचे कूळ आमच्या वाचकांच्या नित्य परिचयाचे आहे. तो मग्दालीया मरीयेच्या नावाचाच अपभ्रंश होय. फ्रेंचमार्गे इंग्रजीत येताना त्या नावातील ‘ग’ गळाला. ऑक्सफर्ड येथे १४५८ साली तिच्या नावे स्थापन झालेल्या कॉलेजाचा उच्चारही ‘मॉडलिन’ असाच होतो. १५९२ मध्ये टॉमस नॅश याने मद्यप्यांचे प्रकार वर्णिताना, प्याल्यावर प्रेमाने रडू लागणाऱ्यास हेच नाव दिले. पुनरुत्थानाच्या पहिल्या साक्षीदारिणीचे नाव असे गुत्त्यापर्यंत पोहोचले!

दोष केवळ इंग्रजांचा नव्हे. ५९१ च्या सुमारास पोप पहिला ग्रेगरी याने एका प्रवचनात लूक ७ मधील अनामिक पापी स्त्री, बेथानीची मरीया व मग्दालीया या तिघींना एकच ठरविले. पूर्वेकडील मंडळ्यांनी सामान्यतः हे मानले नाही. पश्चिमेत मात्र ती पश्चात्तापाने अश्रू ढाळणारी म्हणूनच चित्रांत रंगली. लफेव्र देताप्ल याने १५१७ मध्ये या एकीकरणास आक्षेप घेतला, तेव्हा पॅरिसच्या धर्मपंडितांनी त्याचाच निषेध केला. रोमन पंचांगाने १९६९ मध्ये ती गल्लत दूर केली आणि २०१६ मध्ये तिच्या स्मरणदिनास प्रेषितांच्या सणांचा दर्जा मिळाला.

मराठी शास्त्रात ‘मग्दालीया’ हे नाव गावाची खूण राखून आले, हे आमचे भाग्य. तरीही आमच्या व्यासपीठांवरून तिचा उल्लेख ‘ती पापी स्त्री’ असा होतोच. लूक ८ मध्ये तिच्यातून सात भुते निघाल्याचे सांगितले आहे. दुराचाराचा तेथे शब्दही नाही.

योहान २० मध्ये ती रडते खरी. तेथे ‘क्लायो’ हे ग्रीक क्रियापद चार वेळा येते. तो मोठ्याने केलेला शोक आहे. यरुशलेम पाहून प्रभू रडला तेथेही लूकने हेच क्रियापद योजले आहे. त्या रडण्यास भावविवशता म्हणण्याचे धैर्य कोणी करील काय? मरीयेच्या अश्रूंना पापाची पार्श्वभूमी नाही. ती मृत गुरूचे शरीर शोधीत आहे, आणि इतर शिष्य परतल्यावरही कबरेपाशी थांबली आहे.