टायमरच्या मागे उभा असलेला एकटा थ्रेड

प्रयोगासाठी पहिला कोड लिहाल तेव्हा त्यात कुठेतरी ‘दर १०० मिलिसेकंदांनी मोजमाप घे’ हे येईलच. जावात शोधलंत की जुना ‘टायमर’ क्लास हाताला लागतो. मला त्याचं नावच खटकतं. टायमर म्हटलं की डोळ्यांपुढे घड्याळ येतं. प्रत्यक्षात हा आहे एक थ्रेड आणि त्याच्यापुढे लागलेली कामांची रांग. एका टायमरला कितीही कामं द्या, ती करणारा थ्रेड एकच. एक काम रेंगाळलं की मागची सगळी खोळंबतात. कामं लवकर आटोपणारी असावीत, असं अधिकृत माहितीत स्पष्ट लिहिलंय. पण ती वाचतो कोण? मीही वाचली नव्हती.

माझ्या प्रयोगात एकाच टायमरवर दोन कामं होती: दर १०० मिलिसेकंदांनी मेमरीचा वापर नोंदवणं आणि दर मिनिटाला त्या नोंदी फाइलमध्ये लिहिणं. फाइल लिहायला दोनेक सेकंद लागत. तेवढ्यात मोजमापाच्या २० पाळ्या हुकत. आता गंमत बघा. मी ‘शेड्यूल अ‍ॅट फिक्स्ड रेट’ वापरलं होतं, आणि ते हुकलेल्या पाळ्या नंतर एकामागोमाग एक उरकून घेतं. त्यामुळे मिनिटाला ६०० नोंदी अगदी बरोबर भरत! प्रत्येक नोंदीची वेळ मी तिच्या क्रमांकाला १०० ने गुणून काढत होतो. आलेख देखणा आला. पण त्यातले ते २० बिंदू जवळजवळ एकाच क्षणाचे होते. त्या दोन सेकंदांत मेमरी किती चढली-उतरली याचा पत्ताच नाही. ‘दर मिनिटाला रेघ सपाट का होते?’ असं मार्गदर्शकांनी विचारलं तेव्हा उजेड पडला. लिहून झालेल्या प्रकरणातली दोन कोष्टकं काढून टाकली आणि सगळं पुन्हा मोजलं. साधं ‘शेड्यूल’ वापरलं असतं तर नोंदी कमी भरल्या असत्या आणि चूक पहिल्याच दिवशी दिसली असती.

शिवाय हा टायमर संगणकाच्या घड्याळावर विसंबतो. घड्याळ मागेपुढे केलं की वेळापत्रक बिघडतं.

‘मग नवीन वापर की’, असं कोणी म्हणेल. २००४ साली जावा ५ मध्ये ‘शेड्यूल्ड थ्रेड पूल एक्झिक्युटर’ आला. त्यात अनेक थ्रेड ठेवता येतात, म्हणजे माझं फाइल लिहिणं मोजमापाला अडवणार नाही. मात्र एकाच आवर्ती कामाच्या दोन पाळ्या तिथेही एकत्र चालत नाहीत. मोजमापच संथ असेल तर चार थ्रेड देऊनही उशीर होणारच.

त्याची एक सवय तर मला जुन्यापेक्षा वाईट वाटते. टायमरच्या कामात न पकडलेला एक्सेप्शन आला तर त्याचा थ्रेडच मरतो, सोबतची सगळी कामं बंद पडतात. क्रूर आहे, पण निदान स्क्रीनवर लालभडक बोंब तरी उठते. एक्झिक्युटरमध्ये फक्त तेवढं एक काम थांबतं, तेही गुपचूप. तक्रार ‘फ्यूचर’मध्ये पडून राहते आणि तुम्ही मागितल्याशिवाय ती काही समोर येत नाही. सर्व्हर चालवणाऱ्याला हे सोयीचं असेल. रात्रभर प्रयोग लावून घरी जाणाऱ्याला मात्र सकाळी अर्धी फाइल मिळते.

मी आता एक्झिक्युटरच वापरतो, पण कामाचा सगळा मजकूर ट्राय-कॅचमध्ये ठेवून. आणि प्रत्येक नोंदीत ‘नॅनोटाइम’ने घेतलेली खरी वेळ लिहितो. लागोपाठच्या दोन नोंदींतल्या अंतराचा आलेख आधी काढतो, मेमरीचा नंतर.