परका अध्यापक : अधिकार आणि भाषा

‘परदेशी इंग्रजी अध्यापक’ ही संज्ञा वरवर निरुपद्रवी वाटते. प्रत्यक्षात तीत सत्तेचा एक सिद्धान्त दडलेला आहे. दक्षिण कोरियाने १९९५ मध्ये इंग्रजीभाषक देशांतून शिक्षक आणण्याची शासकीय योजना सुरू केली. अशा व्यवस्थेत अध्यापनाचा अधिकार व्यासंगापेक्षा जन्मभाषेतून आणि पारपत्रातून सिद्ध होतो. रॉबर्ट फिलिप्सन यांनी १९९२ मध्ये नेमके हेच गृहीतक भ्रामक ठरविले.

मॅक्सीन बर्नसन यांचे उदाहरण या गृहीतकाला छेद देणारे आहे. १९६१ मध्ये त्या इंग्रजी शिकविण्यासाठी हैदराबादला आल्या; पुढे मराठीच्या विद्यार्थिनी झाल्या, फलटणला स्थायिक झाल्या आणि जाई निंबकर यांच्यासह त्यांनी १९७५ मध्ये मराठीचे संदर्भ-व्याकरण सिद्ध केले. येथे परकेपण हे अधिकाराचे नव्हे, तर शिकण्याचे निमित्त ठरते.

मात्र अपवादाचा गौरव केल्याने प्रश्न मिटत नाही. विंचूरसारख्या गावातील मुलाची घरची बोली प्रमाण मराठीच्या वर्गात ‘अशुद्ध’ ठरते. इंग्रजीच्या वर्गात त्याचे उच्चारही तसेच ठरतात. त्याच्या लेखी दोन्ही अध्यापक परकेच. म्हणून अध्यापक कोणत्या देशाचा, यापेक्षा तो विद्यार्थ्याची भाषा ऐकतो काय, हाच निर्णायक निकष मानावा लागतो.