हुतात्मा चौकांतील दोन शिल्पें

मुंबईच्या हुतात्मा चौकांत दोन शिल्पें शेजारीं उभीं आहेत, आणि त्यांत सरस कोणतें हें सांगतांना आम्हांस संकोच वाटतो. फ्लोराचें कारंजें १८६४ सालचें, पोर्टलंडच्या दगडांतलें. आराखडा नॉर्मन शॉ यांचा, कोरणी जेम्स फोर्सिथ यांची. मुळांत तें राणीच्या बागेसाठीं योजिलें होतें. बागेंतली ही रोमन पुष्पदेवता चवाठ्यावर आली तरी शोभते, कारण शोभण्यापलीकडे तिच्यावर कसलाच भार नाहीं.

शेजारच्या मशालधारी शेतकरी-कामगारांवर तो आहे. २१ नोव्हेंबर १९५५ रोजीं संयुक्त महाराष्ट्रासाठीं निघालेल्या लोकांवर येथेंच गोळ्या झाडल्या गेल्या. ते लोक धांवले, पडले, कित्येक उठलेच नाहींत. शिल्पांत मात्र कोणी पडलेला नाहीं. दोघेही जिंकल्यासारखे ताठ उभे. हुतात्म्यांच्या स्मारकानें मृत्यूच वगळावा काय? मशाल हें उद्याचें चिन्ह आहे, असें समर्थन करतां येईल, आणि तें अगदींच पोकळ नाहीं. १ मे १९६० रोजीं राज्य झालें हें खरें. पण प्रस्तुत लेखक सांगलीच्या विश्रामबागेंत राहतो. येथून बेळगांव मुंबईपेक्षां कितीतरी जवळ, आणि त्या मागणींतलें तें बेळगांव अद्याप कर्नाटकांत आहे. त्या दोघांपैकीं निदान एकाची मान शिल्पकारानें किंचित् दक्षिणेकडे वळवावयास हवी होती.