लष्करी मर्दुमकी आणि आपली कविता

१ जानेवारी जवळ आली की केडगावातून पुण्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर निळ्या झेंड्यांच्या गाड्या दिसू लागतात. त्याच सुमारास माझे विद्यार्थी कोरेगावच्या विजयस्तंभावर लिहिलेल्या कविता घेऊन येतात. त्यांतला महार शिपाई बहुधा एकाच साच्यातला असतो : पिळदार मिशी, रुंद छाती आणि हातात तलवार. १८१८ च्या लढाईत या शिपायांच्या हाती बंदुका होत्या. मग कवितेत तलवार आली कोठून?

ती क्षत्रियत्वाच्या कल्पनेतून आली, असे माझे मत आहे. १८९० नंतर इंग्रजांनी 'लढाऊ जाती'चा सिद्धान्त पुढे करून महारांची सैन्यभरती बंद केली. १८९४ साली गोपाळबाबा वलंगकरांनी, १९१० साली शिवराम जानबा कांबळे यांनी या अन्यायाविरुद्ध अर्ज केले. वलंगकरांना तर आपण पूर्वीचे क्षत्रिय आहोत, असे सांगावे लागले. त्यांची अडचण समजण्यासारखी आहे. प्रश्न भाकरीचा, पेन्शनचा आणि माणूसपणाचा होता. परंतु १९४१ मध्ये महार रेजिमेंट उभी राहिल्यानंतरही आपल्या कवीने तेच माप का वापरावे? मर्द कोण हे वर्णव्यवस्थेने ठरवायचे आणि त्या परीक्षेत आपण उत्तीर्ण झाल्याचा जल्लोष करायचा, याला विद्रोह म्हणता येणार नाही.

सैन्याने आपल्याला खरोखर काय दिले? कंपनीच्या पलटणीत शिपायांच्या मुलांना, आणि मुलींनाही, शिक्षण सक्तीचे होते, असे बाबासाहेबांनी नोंदविले आहे. त्यांचे वडील सुभेदार रामजी लष्करी शाळेत शिक्षक होते. पेन्शनर वलंगकरांनी १८८८ साली 'विटाळ विध्वंसन' लिहिले. ज्या कांबळ्यांनी भरतीसाठी अर्ज केला, त्यांनीच आपल्या 'सोमवंशीय मित्र' मासिकातून मुरळीच्या प्रथेवर हल्ला चढविला आणि पूर्वी मुरळी असलेल्या स्त्रीचे पत्र छापले. या गोष्टींवर माझ्याकडे एकही कविता येत नाही. येते ती शिपायाला ओवाळणारी बायको, किंवा कपाळ पुसलेली विधवा.

कोरेगावचे शौर्य नाकारण्याचे कारण नाही. बाबासाहेब स्वतः १९२७ साली त्या स्तंभापाशी गेले होते. पण कवींनी त्या शिपायाच्या हातून उसनी तलवार काढून घ्यावी. त्याच्या पलटणीतली शाळा दाखवावी, आणि त्या शाळेत पाटी घेऊन बसलेली त्याची मुलगीही.